विहीर मोजायची कोणी?

वरूड म्हटलं की संत्री. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी हा तालुका आहे. उत्तरेला मध्य प्रदेशची हद्द, पूर्वेच्या अंगाला वर्धा नदी. वरूड-मोर्शी पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणायची जुनी पद्धत आहे. पुण्या-मुंबईच्या बाजारात आपण 'नागपुरी' म्हणून जी संत्री घेतो, त्यातली बरीचशी याच पट्ट्यातून आलेली असतात. (हे नागपूरकरांना सांगू नका. :-) )

या तालुक्याला दुसरंही एक नाव आहे, सरकारी कागदावरचं. 'अतिशोषित'. बोलताना लोक 'डार्क झोन' म्हणतात. म्हणजे पावसाचं जेवढं पाणी दरवर्षी जमिनीत मुरतं, त्यापेक्षा जास्त पाणी इथे उपसलं जातं. आज या दुसऱ्या नावाची गोष्ट सांगायची आहे. ते कोणी दिलं, कशाच्या आधारावर दिलं, त्यावरून कोणती धोरणं ठरली, आणि ठरवताना ज्याच्या वावरात विहीर आहे त्याला (आणि ज्याच्याकडे वावरच नाही त्याला) कोणी काय विचारलं.

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे हल्ली विकासावरचं काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: गरीब देशांतली धोरणं तिथल्याच लोकांनी केलेल्या संशोधनातून घडली पाहिजेत, तरच ती सगळ्यांना सामावून घेतील. वाक्य छान आहे. पण आमच्या धंद्यात एक वाईट खोड लागते. क्लायंट काही छान बोलला की आपण विचारतो, 'एखादं उदाहरण घेऊन दाखवता का?' तर मी वरूडची विहीर उदाहरण म्हणून घेतली. माझं आजोळ त्या बाजूचं, त्यामुळे संत्र्याचा बगीचा आणि बोअरची चर्चा कानावरून गेलेली होतीच. बाकीचा अभ्यास गेल्या काही शनिवार-रविवारचा.

आधी पाणी कुठे असतं ते पाहू. विदर्भाचा हा भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात पाणी तळ्यासारखं साठून राहत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं. म्हणूनच एकाच्या बोअरला भरपूर पाणी आणि शंभर फुटांवरच्या शेजाऱ्याचा बोअर कोरडा, असं सर्रास होतं. सातपुड्याला लागून एक पट्टा वेगळा आहे. डोंगरातून आलेल्या नाल्यांनी तिथे दगडगोटे आणि वाळू आणून टाकली आहे, तिथे पाणी चांगलं मुरतं. पाऊसही काही मराठवाड्यासारखा तुटपुंजा नाही. वर्षाला साधारण आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे निसर्गाने वरूडवर अन्याय केला, असं म्हणायला फारशी जागा नाही.

मग पाणी जातं कुठे? संत्र्याचे दोन मुख्य बहार. मृग बहार पावसाबरोबर जून-जुलैत फुलतो. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत. त्याआधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. आंबियाचं फळ बारीक असतं तेव्हा एप्रिल-मे येतो. वऱ्हाडातला मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगायला नको. विहिरीने तळ गाठायचा आणि झाडाने सगळ्यात जास्त पाणी मागायचं, हे दोन्ही एकाच महिन्यात.

एक साधं गणित करू. सहा मीटर बाय सहा मीटरवर झाडं लावली तर एकरी साधारण ११२ झाडं बसतात. ठिबक असलं तरी मोठ्या झाडाला ऐन उन्हाळ्यात दिवसाला शंभरावर लिटर पाणी लागतं. शंभरच धरू. म्हणजे एकरी रोज ११,२०० लिटर. ग्रामीण भागात नळाने माणशी ५५ लिटर पाणी द्यायचं, असं सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने एक एकर बगीचा म्हणजे दोनशे माणसांचं रोजचं पाणी झालं. यात संत्रावाल्या कास्तकाराला दोष द्यायचा नाही. त्याच बगीच्यावर त्याच्या पोरांची शिक्षणं झाली आहेत, तोडणीच्या हंगामात गावातल्या मजुरांच्या चुली पेटल्या आहेत. पण आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता इतिहासाकडे. १९७२ साल महाराष्ट्राला दुष्काळाचं म्हणून आठवतं. त्याच वर्षी राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. हे खातं आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, पण त्याने केलेलं काम खरंच मोठं आहे. सगळं राज्य दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभागलं. त्यांना क्रमांक दिले. साधारण चार हजार निरीक्षण विहिरी निवडल्या आणि वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्यांची पाणीपातळी मोजायला सुरुवात केली. पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी, खडकाचा गुणधर्म, विहिरींची आणि मोटरींची संख्या यावरून अंदाज काढायचा: इतकं मुरलं, इतकं उपसलं. उपसा शंभर टक्क्यांच्या वर गेला की तो पाणलोट 'अतिशोषित'. वरूडवर शिक्का बसला तो या हिशेबातून.

शास्त्र म्हणून यात काही वावगं नाही. उलट वरूड हे पुढे प्रयोगाचं ठिकाणच झालं. १९९० च्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने कृत्रिम पुनर्भरणाच्या प्रयोगासाठी महाराष्ट्रातले दोन पाणलोट निवडले. एक जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, दुसरा वरूड तालुक्यातला 'डब्ल्यूआर-२'. दोन्हीकडे कारण एकच होतं. बागायत वाढली होती आणि पातळी खाली गेली होती, यावलला केळीमुळे आणि वरुडात संत्र्यामुळे. वरुडात पाझर तलाव आणि नाल्यांवर सिमेंटचे बांध घातले, आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजली, पाणी मुरतं हे आकड्यांनी दाखवून दिलं. पुनर्भरणाच्या सरकारी मार्गदर्शिकांमध्ये हे उदाहरण आजही सापडतं.

मग अडलं कुठे?

अडलं ते मोजणीच्या पुढच्या पायरीवर. दीड हजार पाणलोट आणि चार हजार विहिरी, म्हणजे एका पाणलोटाला सरासरी अडीच-तीन विहिरी. आणि एका पाणलोटात गावं कितीतरी. भेगांच्या खडकात शेजारच्या दोन बोअरचं जमत नाही, तिथे तीन विहिरींवरून आख्ख्या पाणलोटाचा सरासरी आकडा निघणार. राज्याच्या नियोजनाला तो पुरेसा आहे. पण त्या आकड्यावरून माझ्या गावात यंदा काय पेरावं हे ठरत नाही. आणि मुख्य म्हणजे, तो आकडा माझ्या गावाने काढलेला नसतो. तो अहवालात जातो आणि परत येतो तो नियम होऊन.

नियम काय होऊन आला ते बघा. अतिशोषित भागात नव्या सिंचन विहिरीसाठी बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान मिळणं बंद किंवा महाकठीण. वरवर बघता बरोबरच आहे की. पाणी संपत आलंय, नव्या विहिरी कशाला? पण याचा परिणाम कोणावर होतो ते जरा पायरी-पायरीने पाहू. ज्याच्याकडे आधीच विहीर आहे, बोअर आहे, वीसेक एकर बगीचा आहे, त्याला नवा बोअर घ्यायला बँक लागत नाही. तो रोख पैसे देऊन मशीन बोलावतो, एका रात्रीत काम होतं. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे आणि आयुष्यातली पहिली विहीर खोदायची आहे, त्याचं सगळं कर्जावर आणि अनुदानावर अवलंबून. अडला तो. म्हणजे नियम पाण्याला लागू झालाच नाही, तो कर्जाला लागू झाला. उपसा ज्यांनी वाढवला ते मोकळे, आणि ज्याने अजून थेंब उपसला नव्हता त्याच्या नावावर शिक्का.

कायद्याचंही तसंच. १९९३ साली राज्याने पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाभोवती ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घालणारा कायदा केला. नंतर २००९ चा मोठा भूजल कायदा, जो प्रत्यक्षात २०१४ पासून लागू झाला आणि ज्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये लोकांपुढे आला. त्यात पाणलोट समित्या आहेत, पीक नियोजन आहे, खोल विहिरींवर बंधनं आहेत. कागदावर पुष्कळ आहे. पण गावातल्या कोणी कोणाच्या विहिरीची तक्रार करायची, कलेक्टर कचेरीपर्यंत कोणी जायचं, आणि परत येऊन त्याच गल्लीत कसं राहायचं? ज्याने गावगाडा बघितला आहे त्याला उत्तर माहीत आहे.

आता जरा वाट वाकडी करून वर्धा नदीच्या पलीकडे जाऊ, कारण 'लोकांनी केलेलं संशोधन' ही गोष्ट विदर्भात नवीन नाही.

वरूडसारख्या तालुक्यांतले कितीतरी पाझर तलाव आणि नाला बांध रोजगार हमीच्या मजुरांनी बांधले. ती योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतली. मजुरांची किमान मजुरी ठरवायला जी समिती नेमली होती तीही पाग्यांच्याच अध्यक्षतेखालची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्याजवळ काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी त्या समितीचा अहवाल मिळवला आणि हिशेब तपासला. दिवसभर माती खोदणाऱ्या माणसाला किती आहार लागतो इथपासून सुरुवात केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की हिशेबातच चुका आहेत. चार रुपये धरलेली मजुरी खरं तर बारा रुपये निघते. आकडे छापले गेले, मजुरांच्या संघटनांच्या हाती पडले, आणि पुढे सरकारला मजुरी वाढवावी लागली. बंगांनी नंतर यातून एक फरक मांडला, तो मला फार उपयोगाचा वाटतो: लोकांवर संशोधन, लोकांसाठी संशोधन आणि लोकांसोबत संशोधन. तीन शब्दयोगी अव्ययं, पण तीन वेगळी जगं.

याच तिसऱ्या प्रकाराचं त्यांचं आणि डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम तर जगाला ठाऊक आहे. ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले, ४७ गावांशी तुलना केली, बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची शिफारस केली, २०११ पासून भारतात 'आशा' कार्यकर्तीमार्फत ते राष्ट्रीय धोरण झालं. एक बारीक गोष्ट इथे विसरली जाते. मोजणारी बाई गावातली होती. बाळ जन्मलं, बाळ गेलं, हे शहरातल्या सर्वेक्षकाला कळलंच नसतं, तिला कळलं. म्हणजे स्थानिक माणूस घेतला तो चांगुलपणा म्हणून घेतला असं समजू नका. त्याच्याशिवाय डेटाच मिळत नव्हता.

पाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट आंध्रात घडली. २००३ पासून तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच भूजल मोजायचा प्रकल्प चालला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा त्याला आधार होता, पण विहिरीत टेप सोडणारे हात शेतकऱ्यांचे. गावातला कोणीतरी रोज पाऊस मोजायचा, पंधरवड्याला विहिरींची पातळी घ्यायचा, आकडे गावातल्या फळ्यावर लिहायचा. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या सुमाराला सगळे बसायचे. यंदा एवढं पाणी मुरलं, रब्बीत जी पिकं घ्यायची म्हणता त्यांना एवढं लागेल, उरतात एवढे. बस. कोणाला बंदी नाही, दंड नाही, अनुदान नाही. ज्याला जे पेरायचं ते पेरावं. तरीही बऱ्याच गावांत भाताखालचं क्षेत्र कमी झालं आणि कमी पाण्याची पिकं आली. जागतिक बँकेने २०१० मध्ये भारताच्या भूजलावर जो अहवाल काढला त्यात या प्रयोगाची दखल घेतली.

आपल्याकडे हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. पोपटराव पवारांचं नाव, श्रमदान, झाडं, सगळं आपण ऐकलेलं असतं. पण मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंटाळवाणी वाटणारी आहे: गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. हे नियम तिथे चालतात, कारण आकडा गावाचा आहे.

आता परत वरुडात येऊ. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते: साताऱ्यातला कोरेगाव, बीडमधला अंबाजोगाई आणि आपला वरूड. तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली. आमीर खानमुळे टीव्हीवर श्रमदानाची दृश्यं गाजली, पण त्याच्या आधीची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. गावातल्या बायका-पुरुषांना प्रशिक्षण दिलं गेलं. साध्या नळीच्या हायड्रोमार्करने समपातळी रेषा कशी काढायची, माथ्यापासून पायथ्यापर्यंत कुठे काय करायचं, गावाच्या शिवारात किती पाऊस पडतो आणि त्यातला किती वाहून जातो. ज्या शिवाराबद्दल आजवर फक्त नागपूर-पुण्याच्या कार्यालयात आकडे होते, त्याबद्दल गावातली माणसं पहिल्यांदा आकड्यांत बोलायला लागली.

पहिला क्रमांक कोरेगावच्या वेळू गावाने पटकावला. असो. स्पर्धेला मर्यादाही होतीच. पाणी अडवणं हे उत्साहाने, एका उन्हाळ्यात, फोटोसकट करता येतं. पाणी कमी वापरणं याचे फोटो निघत नाहीत. बांध घातला की कोणाचं नुकसान होत नाही, सगळे टाळ्या वाजवतात. पण 'तुझा बगीचा दोन एकरांनी कमी कर' म्हटलं की टाळ्या थांबतात. ठिबकचंही तेच. वाचलेलं पाणी जमिनीतच ठेवायचं गावाने ठरवलेलं नसेल, तर त्या पाण्यावर आणखी झाडं लागतात. तीनच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची झाडं उभी वाळली. पाच-सहा वर्षं पोसल्यावर फळावर आलेलं झाड तोडून सरपण करायला लागणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी झालंय त्यालाच विचारावं.

आणि मग धोरण खरोखर बदललं. २५ डिसेंबर २०१९ रोजी केंद्राने अटल भूजल योजना जाहीर केली. सात राज्यं, सहा हजार कोटी रुपये, त्यातले निम्मे जागतिक बँकेचं कर्ज, २०२० पासून पाच वर्षांसाठी. महाराष्ट्रातल्या तालुक्यांत वरूड आणि मोर्शीही होते. या योजनेचा गाभा धरणं-बंधाऱ्यांचा नव्हता. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली पर्जन्यमापकं आणि विहिरी मोजायच्या, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तो लोकांसमोर लावायचा आणि त्यावरून जलसुरक्षा आराखडा करायचा. आकडे जाहीर केले, आराखडा झाला, पातळी सावरली, या टप्प्यांवर पैसे सुटायचे. गावाच्या पाणी समितीत किमान एक तृतीयांश बायका असायला हव्यात अशी अट. आंध्रातल्या फळ्यावरचं आणि हिवरे बाजारच्या ग्रामसभेतलं शहाणपण आठ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी सरकारी धोरण झालं, असं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला ज्या वाक्याचं उदाहरण मागितलं होतं, ते हे.

इथेच 'आणि सगळं छान झालं' म्हणून लेख संपवता आला असता. पण दोन गोष्टी राहून राहून खटकतात.

पहिली म्हणजे, कुठलीही चांगली पद्धत सरकारी फॉर्म झाली की तिचा जीव जातो. याचा इतिहासही आहे. १९८०-९० च्या दशकांत रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने गावकऱ्यांनीच जमिनीवर रांगोळीने नकाशे काढायचे, आपलं गाव आपणच मांडायचं, ही पद्धत जगभर नेली. ती घडली त्यात भारतातल्या संस्थांचा मोठा वाटा होता. दहा वर्षांत ती इतकी लोकप्रिय झाली की प्रत्येक प्रकल्पात एक दिवस रांगोळी, एक फोटो, एक सही. झालं 'लोकसहभागातून नियोजन'! पाण्याच्या ताळेबंदाचंही हे होऊ शकतं. एका एजन्सीचा पोरगा लॅपटॉपवर मागच्या गावाची एक्सेल शीट उघडतो, गावाचं नाव बदलतो, सरपंचाची सही घेतो. आपल्याला कॉपी-पेस्टचे धोके वेगळे सांगायला नकोत. :-) ओळखायची खूण एकच: आकड्यामुळे गावातल्या एका तरी माणसाने एक तरी निर्णय बदलला का?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. 'स्थानिक' म्हणजे कोण? ताळेबंद काढून बघा. पाण्याच्या मागणीत तीन रकाने असतात: माणसं, जनावरं, पिकं. मघाचा आकडा आठवा. पिकांचा रकाना इतका मोठा की पहिले दोन त्याच्यापुढे दिसतच नाहीत. म्हणजे मोजायला विहिरीही बगीचावाल्यांच्या, सभेत बोलणार तेही बगीचावाले, आणि कमी-जास्त करणारही तेच. गावातल्या बिनजमिनीच्या बाईचं पाणी हिशेबात शे-दोनशे घरांच्या एका ओळीत संपतं. पण बोअर खोल जायला लागले की आधी आटते ती गावाची उथळ सार्वजनिक विहीर, आणि हंडा घेऊन लांब जावं लागतं ते तिला. गंमत अशी की तिला बगीचा कमी व्हायला हवा असंही नाही! तोडणीची मजुरी तिला त्याच बगीच्यातून मिळते. तिचं म्हणणं नेमकं काय आहे हे तुम्ही-आम्ही इथे बसून ठरवू शकत नाही, आणि बगीचावालाही तिच्या वतीने ठरवू शकत नाही. तिलाच विचारावं लागेल. तीच अवस्था तीन एकर कोरडवाहूवाल्याची. ताळेबंदात त्याचा उपसा शून्य आहे. मग गावाने उपसा आहे तिथेच गोठवायचा ठरवला तर तो कायमचा शून्यावर गोठतो. कर्जबंदीने जे केलं तेच, फक्त आता गावाच्या ठरावाने.

शिवाय खरं सांगायचं कोणी? बोअर किती फुटांवर आहे, मोटर किती हॉर्सपॉवरची आहे, हे सरकारला सांगितलं तर उद्या बंदी येईल ही भीती वरुडच्या कास्तकाराला आहे, आणि आजवरचा अनुभव बघता ती खोटी म्हणता येणार नाही. डार्क झोनच्या शिक्क्याने त्याला दिलं काय? जोपर्यंत माहितीचा उपयोग शिक्षेसाठी होतो, तोपर्यंत खोटी माहिती मिळणार. आंध्रातली माणसं खरं मोजत होती, कारण तो आकडा त्यांच्याविरुद्ध वापरला जाणार नव्हता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे, आणि तो पाण्यापुरता नाही.

मला विचाराल तर वरूडच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातून इतकंच निघतं. शास्त्र पहिल्यापासून होतं, प्रयोगही झाले. कमी पडलं ते हे, की आकडा ज्याच्या आयुष्यावर चालणार होता तो माणूस आकडा काढताना तिथे नव्हता. २०१६ नंतर तो थोडा आत आला, त्याबरोबर धोरणही हललं. अजून सगळे आत आलेले नाहीत. जी बाई हंडा घेऊन चालते आणि ज्या कास्तकाराला पहिली विहीर हवी आहे, ते दोघं ताळेबंदाच्या सभेत बसून 'हा आकडा आम्हाला मान्य नाही' म्हणू शकतील, तेव्हा त्या छान वाक्यातला 'सर्वसमावेशक' हा शब्द खरा होईल.

अटल भूजलची पाच वर्षं ठरलेली होती. योजनेचे पैसे सरले तरी टेप, पर्जन्यमापक आणि भिंत गावातच असतात. त्यामुळे दिवाळीला गावी जाणार असाल तर एक छोटं काम करा. पावसाळा नुकताच संपलेला असतो, ताळेबंद मांडायची हीच वेळ. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा हिशेब लिहिलाय का ते बघा. लिहिला असेल तर तारीख बघा, ताजी आहे की तीन वर्षांपूर्वीची. आणि तिथल्या कोणाला तरी विचारा की विहिरीत टेप कोण सोडतं. मला कळवा, मी वाट बघतोय.